मंदाची चरवी

माझ्या हातून आयुष्यात बऱ्याच चुका झाल्या, पण चमच्याची चूक एकच. पिशवीच्या दुधात हळद घालून ते गाईचं म्हणून सासूला पाजायचं, इथवर माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. चुकलं ते माप. चिमूटभर घालायची ती मी चहाचा चमचा भरून घातली, आणि वर आणखी थोडी, कारण दूध हवं तसं दिसेना. तेव्हा मी तिशीतली होते. मॅट्रिक झालेली, शिवणाची परीक्षा दिलेली, बिल्डिंगच्या हळदीकुंकवात कोण कुठे बसेल हे ठरवणारी. एवढ्या शहाण्या बाईला दूध आणि पिठलं ह्यांच्या रंगातला फरक कळू नये? नाही कळला. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा एकच रंग होता, शेजारच्या मंदा सामंतच्या दुधाचा.

माझी नात हल्ली बदामाचं दूध पिते. बदामाला आचळं कुठे असतात, असं मी तिला विचारलं तर म्हणाली, "आजी, प्लीज." परवा तिने तो खोका उघडून दूध पेल्यात ओतलं आणि ते जरासं पिवळट दिसलं, म्हणून मंदा आठवली. खोटं कशाला बोलू, मंदा आठवायला मला बदाम लागत नाहीत. दूध उतू गेलं की आठवते आणि नाही गेलं तरी आठवते.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, गावठाणाला खेटून. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी आणि ओळीने बिऱ्हाडं. आमच्या शेजारच्या खोल्या बरेच दिवस रिकाम्या होत्या, त्या सामंतांनी घेतल्या. नवरा विक्रोळीच्या कारखान्यात, मूलबाळ नाही, आणि ही मंदा. पहिल्या दिवशी मी दारातून नीट निरखून घेतलं. उंच होती, त्याचं मला वाईट वाटलं. वेणी कमरेच्या खाली होती, त्याचं जास्त वाईट वाटलं. मग तिने तोंड उघडलं आणि पुढचे दोन दात बाहेर आलेले दिसले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. पण मग ती हसली. ती हसली की ते दातच आधी हसायचे आणि समोरच्याला वाटायचं, आपले सरळ दात काय कामाचे? मी घरी येऊन आरशात माझे दात पाहिले. एका ओळीत, सरकारी क्वार्टर्ससारखे.

त्या काळात आमच्याकडे दूध म्हणजे कोपऱ्यावरचं दूधकेंद्र. आधी काचेच्या बाटल्या होत्या, मग पिशव्या आल्या. सकाळी उठून कार्ड घेऊन रांगेत उभं राहायचं आणि आदल्या दिवशी कोण पुढे घुसलं त्यावर भांडायचं. ज्यांना जाड सायीची हौस ते तबेल्यातून म्हशीचं आणायचे. मी कराडकडची, माझ्या माहेरी दोन म्हशी, त्यामुळे दुधातलं आपल्याला कळतं अशी माझी समजूत. गाईचं दूध मात्र बिल्डिंगमध्ये कोणाकडे येत नव्हतं. ते बारशाला किंवा सत्यनारायणाला वाटीभर शोधत हिंडायची गोष्ट झाली होती.

मंदाने आल्याच्या आठवड्यात गाय शोधली. गावठाणात म्हात्रे आजींच्या पडवीला एक तांबडी गाय होती. मंदा रोज पहाटे पितळेची चरवी घेऊन तिथे जायची आणि परत येताना चरवीच्या तोंडावर पदर धरायची. दुधाला दृष्ट लागते म्हणून. आमच्यात सगळे हे मानतात, मीही मानते. पण नेमकं माझ्या दारावरून जातानाच ती पदर आणखी पुढे ओढते, असं मला वाटायचं. अख्ख्या गॅलरीत दृष्ट लावणारी मीच एकटी सापडले का हिला? खरं सांगायचं तर मीच होते. रोज तेवढ्यासाठी लवकर उठून दारात उभी राहायचे.

मीही म्हात्रे आजींकडे गेले. म्हटलं, आपल्यालाही अर्धा शेर मिळतंय का पाहू. आजी गाईच्या अंगावर हात ठेवून म्हणाल्या, "बाय, गाय एक हाय, घरं चार लागली. आता काय तिला दुसरे सड लावू?"

"मंदाच्या वाट्यातलं थोडं?"

"मग मंदाला इचार ना. तिची गाय ती. तिनी मान खाजवल्याबिगर ही पान्हा सोडत नाय."

मीही गाईची मान खाजवून पाहिली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझी सासू परवडली. मग शेपटी माझ्या तोंडावर मारून पाठ फिरवली. मंदाला विचारायला काही मी गेले नाही. तेवढा स्वाभिमान मला होता. नको तिथेच मला तो फार होता.

मंदाच्या घरी कोणालाच "चहा घेणार का?" असं विचारत नसत. आमच्याकडे पाहुणा आला की चहा की थंडं, साखर किती, आलं चालतं का, अशी उलटतपासणी चालायची. मंदा काही विचारायची नाही. दूध तापवायची, दोन पेल्यांत उंचावरून खालीवर करून निववायची, त्यावर जायफळ किसायची आणि पेला हातात द्यायची. खालीवर करताना तिचं लक्ष दुधाकडे नसायचंच. ती बोलत असायची आणि दूध आपलं आपण एका पेल्यातून दुसऱ्यात पडायचं. एक थेंब बाहेर नाही. मी घरी पाण्याने सराव केला होता. माझ्या साडीला पाणी आवडतं, एवढं त्यातून कळलं.

आणि ती समोर बसायची. हा तिचा सगळ्यात वाईट गुण. आम्ही पाहुण्याच्या हातात कप देऊन ओट्याकडे पळणाऱ्या बायका. "तुम्ही घ्या हो, मी तेवढी फोडणी टाकते." मंदा खाली मांडी घालून समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि पेला रिकामा होईपर्यंत उठायची नाही. तिची भाजी करपायची. तिला त्याचं काही नसायचं. नवऱ्याला सांगायची, "आज करपलेली आहे, लिंबू पिळून घे." आणि तो मुकाट्याने लिंबू पिळायचा. माझ्या नवऱ्याला भाजीत मीठ कमी पडलं तरी स्वतःची आई आठवायची.

आता त्या आईकडे येते.

सासरे देवगडला वारले आणि ह्यांनी आईंना मुलुंडला आणलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. पांढरं लुगडं, हातात काही नाही, आणि तोंडात मालवणी सोडून दुसरी भाषा नाही. मला ती निम्मी कळायची, आणि न कळलेलं निम्मं आपल्याबद्दलच असणार असं मी धरून चालायचे. आल्यापासून त्या काही घेईनात. चहा दिला तर, "चाय नको गो. चायेन माझे दात गेले." पिशवीचं दूध दिलं तर पेल्यात नाक घालून, "प्लास्टिकचो वास मारता." तांदळाची पेज घोटभर, की झालं. ह्यांचा चेहरा रोज संध्याकाळी पेल्यात डोकावायचा आणि मग माझ्याकडे वळायचा, जणू पिशवी मीच कारखान्यात भरून आणली होती.

एका दुपारी मंदा पेला घेऊन आली. आईंसमोर खाली बसली, गुडघ्याला गुडघा लावला आणि म्हणाली, "काकी, ह्यां जरा बघा मगे. गोड लागला नाय तर माका परत देवा."

आईंनी बोट बुडवून चाटलं. मग पेला तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला. म्हणाल्या, "बाय माझे, बरां आसा."

मी दारात फोडणीची पळी घेऊन उभी होते. माझ्या घरात, माझ्या सतरंजीवर बसून माझ्या सासूने दुसरीला "बरां आसा" म्हटलं होतं. मला लग्नाच्या इतक्या वर्षांत एकदाही नाही. मला त्या क्षणापासून फक्त एक गोष्ट हवी होती. आईंनी माझ्या हातचा पेला पूर्ण रिकामा करावा आणि तेच दोन शब्द मला म्हणावेत. सोनं नको, साडी नको. दोन शब्द, तेही मालवणी.

त्या दिवसापासून आई रोज चारच्या सुमारास उठायच्या, लुगडं सारखं करायच्या आणि गॅलरीतून मंदाकडे जायच्या. जाताना मला सांगायच्या, "येतंय गो." जणू मी अडवणार होते. मग भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज यायचे. आमच्या घरात आई कधी हसल्या नव्हत्या. मी स्टीलचा पेला भिंतीला लावून त्यावर कान टेकायचे. माझ्या सोनूने एकदा विचारलं, "आई, तू भिंत पितेस का?"

आणि एवढं ऐकून कळलं काय, तर काही नाही. त्या दोघी माशांबद्दल बोलत असायच्या. देवगडच्या बंदरावर कोणाच्या होडीला काय लागलं, कोणाच्या सुनेला बांगड्याचं तिकलं करता येत नाही. कोणाच्या सुनेला, हे ऐकायला मी कान आणखी घट्ट दाबायचे.

मी हरणारी नव्हते. त्याच सुमाराला घराघरांत टीव्ही आले आणि टीव्हीत नाचणारी पोरं चॉकलेटी पावडरचं दूध पिऊन उंच व्हायला लागली. सोनूने हट्ट धरला. मी पावडरचा डबा आणला आणि एक कप आईंपुढेही ठेवला.

"ह्यो चिखल कोणाक?" आई म्हणाल्या.

मग आम्ही फ्रीज घेतला. मजल्यावरचा पहिला फ्रीज. मी थंड दूध, गुलाबी सरबत टाकलेलं दूध, मिक्सरवर फेस आणलेली कॉफी, सगळं करून पाहिलं. बिल्डिंगच्या बायका माझ्या फ्रीजचं दार उघडून उगाच उभ्या राहायच्या, वारा घ्यायच्या. मंदा एकदाही बर्फ मागायला आली नाही. मी वाट पाहायचे. ट्रेमध्ये तिच्या नावाचे बर्फाचे तुकडे वेगळे ठेवले होते, ते मी देताना कसं म्हणेन हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं: "घे गं, त्यात काय एवढं!" ते वाक्य माझ्या तोंडातच गोठलं.

त्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मसाला दुधाऐवजी थंड कॉफी ठेवली. काचेचे उंच ग्लास, त्यात रंगीत नळ्या. बिल्डिंगच्या बायका वेड्या झाल्या. तळमजल्याच्या पाटील वहिनी तर दोनदा नळी चघळून, "उषा, झकास गं!" म्हणाल्या. मंदाने कॉफी घेतली, संपवली आणि मनापासून म्हणाली, "किती छान झालीय." मनापासून म्हणाली हाच त्रास. नाक मुरडलं असतं तर मी तिला माफ केलं असतं. तेवढ्यात आईंनी माझा ग्लास हातात घेतला. त्यांनी नळी काढली, उलटसुलट पाहिली, सोनूच्या हातात दिली आणि ग्लास खाली ठेवून मंदाला म्हणाल्या, "चल गो, चार वाजले."

सगळ्यांसमोर. माझ्याच हळदीकुंकवातून.

मग मला मंदाचं एक मर्म सापडलं. एकदा साखर मागायच्या निमित्ताने मी तिच्या स्वयंपाकघरात शिरले, तर ही ओट्याशी उभी राहून कोरा चहा पीत होती. काळाकुट्ट, दुधाचा टिपूस नाही. मला बघून दात दाखवत म्हणाली, "उषे, कोणाला सांगू नको हं. मला दूध आवडत नाही. लहानपणापासून मळमळतं."

सांगू नको म्हटल्यावर मी कशी थांबणार? संध्याकाळी पाटील वहिनींना गाठलं. "ऐकलंत का? सगळ्यांना दूध पाजणारी मंदा स्वतः कोरा चहा पिते!"

पाटील वहिनींनी डोळ्याला पदर लावला. "बघ बाई! स्वतः कोरा पिते आणि दूध दुसऱ्यांना देते. अशी माणसं राहिली नाहीत गं."

दोन दिवसांत सगळ्या बिल्डिंगमध्ये मंदा देवी झाली, आणि त्या देवीची दवंडी पिटणारी मी.

मग गावठाणात बिल्डर आला. म्हात्रे आजींच्या पडवीवर आधी पांढरी रेघ पडली, मग पत्रे निघाले. गाय मुरबाडकडे कोणा भाच्याकडे पाठवली. तिला टेम्पोत चढवताना मंदा मान खाजवत उभी होती, तिथून ती सुजलेले डोळे घेऊन घरी आली. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण पदराआड मी हसलेही. आता बघू. आता मंदाबाईही केंद्रावर येतील, कार्ड घेऊन माझ्या मागे उभ्या राहतील, पिशवी कापतील, आणि माझ्या सासूला वास येईल.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी दारात. मंदा चरवी घेऊन बाहेर पडली, आणि नेहमीपेक्षा जरा उशिराने चरवीवर पदर धरून परत आली.

"कुठून आणलंस गं?"

"आहे एक ठिकाण," मंदा म्हणाली आणि आत गेली.

चार वाजता आई गेल्या. परत आल्या तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, दूध कसं होतं आज?"

"बरां होता."

म्हणजे मुलुंडात दुसरी गाय होती आणि ती मला सापडत नव्हती. पुढे कित्येक दिवस माझी ती शोधाशोध चालली. भाजीवालीला विचारलं, देवळाच्या गुरवाला विचारलं. मिठागरांच्या बाजूला एक गाय चरताना दिसली, तिच्या मागे मी बराच वेळ चालत गेले. तो बैल निघाला. एकदा मंदाच्याच मागे लागले, तर ती भराभरा फाटक ओलांडून स्टेशनच्या पलीकडे गेली आणि मला फाटकाने अडवलं. घरी येईपर्यंत सोनूची शाळा बुडाली होती.

आणि मग देवाने माझं ऐकलं. मंदाच्या बहिणीचं बाळंतपण आलं आणि ती कुडाळला गेली. चार वाजता आई उठल्या, लुगडं सारखं केलं, दारापर्यंत गेल्या आणि कुलूप पाहून परत येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "आई, बसा. मीच आणलंय आज गाईचं."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. "खंयसून?"

"आहे एक ठिकाण," मी म्हटलं. अगदी मंदाच्या सुरात.

आत जाऊन पिशवीचं दूध तापवलं. जायफळ किसलं. रंग काही येईना. मिसळणाचा डबा उघडला, हळदीच्या वाटीत चमचा होताच. घातला. ढवळलं. अजून पांढरंच वाटलं, म्हणून वर थोडी. मग पातेलं खिडकीपाशी नेलं आणि उजेडात पाहिलं. तेव्हा मला ते सोन्यासारखं दिसलं. शप्पथ सांगते, सोन्यासारखं.

पेला आईंच्या हातात दिला आणि, शिकले होते त्याप्रमाणे, समोर बसले. गुडघ्याला गुडघाही लावला. आईंनी पेल्यात पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पेल्यात. मी म्हटलं, "जातिवंत गाय आहे." आई प्यायल्या. थांबत थांबत, पण सगळं प्यायल्या. पेला खाली ठेवला तेव्हा त्यांच्या वरच्या ओठावर कानापर्यंत पिवळी मिशी होती. त्यांनी ती लुगड्याच्या पदराने पुसली. पदर पिवळा झाला. आई पदराकडे पाहून म्हणाल्या, "हळद लागली गो माका. आता मुंडावळ्यो हाड."

मुंडावळ्या आण म्हणे! आणि हसल्या. पांढऱ्या लुगड्यातली माझी सासू बिनदातांनी इतकी हसली की खोकला आला. माझ्या घरात पहिल्यांदा. पण मला ते दिसलं कुठे? मला वाटलं, माझी फजिती केली. मी पाय आपटत उठले, त्यांना दुसरं लुगडं दिलं आणि हे मळलेलं मोरीत नेऊन कपड्याच्या साबणाने खसाखसा चोळलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे मॅट्रिकला शिकवत नाहीत. पिवळा डाग होता तो कुंकवासारखा लालभडक झाला. मी जितकं चोळावं तितका तो पसरला. शेवटी तसंच लुगडं गॅलरीत वाळत घातलं. पाटील वहिनींनी खालून मान वर करून विचारलं, "उषा, आजींनी पान खायला कधी सुरुवात केली गं?"

आईंनीच मग गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळी हकिकत सांगितली. मुंडावळ्यांसकट. बिल्डिंगमधली पोरं मला "हळदीवाल्या काकू" म्हणायला लागली.

मंदा परत आली त्या दिवशी पाटील वहिनींनी तिला जिन्यातच गाठून सगळं ऐकवलं. मी दाराआड उभी होते. आता हिचे दात हसणार, मी तयार होते. पण मंदा हसली नाही. तशीच सामान खाली ठेवून माझ्या दारात आली.

"काकी प्यायल्या का पण?" तिने विचारलं.

"सगळं."

"मग झालं तर," म्हणाली आणि गेली. मला वाटलं, बघा, दया दाखवते आहे. एक वेळ हसली असती तर परवडलं असतं. चार वाजता आई पुन्हा तिच्याकडे जायला लागल्या आणि मी पुन्हा भिंत प्यायला लागले.

पुढे मंदाचे सासरे अंथरुणाला खिळले आणि त्यांची बाग बघायला कोणी उरलं नाही. सामंतांनी कारखाना सोडला, गावी जायचं ठरवलं. ही बातमी ऐकून मला कसं वाटलं ते लिहायला बसले तर नात म्हणेल, "आजी, प्लीज." एवढंच सांगते की मी देवापुढे साखर ठेवली, आणि मग मला कळेना की ती कशासाठी ठेवली.

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो भरला. मंदा आधी आईंच्या पाया पडली. आईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग मंदा मला बाहेर गॅलरीत घेऊन गेली. मी म्हटलं, "आता जातेच आहेस तर सांग. ती दुसरी गाय कुठे आहे? चार वाजता मी आईंना काय देऊ?"

मंदाने आत पाहून घेतलं आणि आवाज खाली केला. "कुठली गाय, उषे? म्हात्रे आजींची गेली तेव्हापासून गाय नाहीच. स्टेशनपलीकडच्या केंद्रावरनं पिशव्या आणायचे. तिथेच नळापाशी कापून चरवीत ओतायचे."

"आणि रंग?"

"चिमूटभर हळद. जायफळात वास मरतो." ती हसली, दात आधी. "तुझी गोष्ट ऐकली ना, तेव्हा म्हटलं, आता काकींना माझंही कळणार, वाट लागली. पण त्यांना पत्ताच नाही. तू पण सांगू नको हं. त्यांना गाईचंच वाटू दे."

पिशवी तीच, केंद्र वेगळं, हळद तीच. लबाडी दोघींची एकच, आणि तीसुद्धा तिलाच चांगली जमली होती.

टेम्पो निघाला तेव्हा ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. मांडीवर चरवी. ती काही तिने मला दिली नाही, आणि मागायची माझी छाती झाली नाही. टेम्पो कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रावरून वळला तेव्हा तिने सवयीने चरवीवर पदर ओढला. चरवी रिकामी होती. आता तिकडे गोठ्यात तिच्या खऱ्या गाई असणार, असं मनात आलं, आणि जाता जाताही बाई वरचढ झालीच म्हणून मी चरफडले. मग नाक पुसत वर आले.

चार वाजता आई उठल्या. लुगडं सारखं केलं. दारापर्यंत गेल्या, शेजारच्या उघड्या, रिकाम्या खोल्यांकडे पाहिलं आणि परत येऊन बसल्या. मी आत जाऊन पिशवी कापली, दूध तापवलं, जायफळ किसलं. मिसळणाचा डबा उघडला. हळदीची चिमूट घेतलीही होती. पण आता ईर्ष्या करायची तरी कोणाशी? चिमूट परत वाटीत झटकली आणि पांढरंच्या पांढरं दूध घेऊन आईंसमोर बसले. गॅसवर भाजी होती. ती करपत असल्याचा वास आला, मी उठले नाही.

आईंनी पेल्यात पाहिलं. घोटाघोटाने प्यायल्या, पेला पालथा करून रिकामा असल्याचं मला दाखवलं आणि पदराने तोंड पुसलं. मी त्या दोन शब्दांची वाट बघत बसले होते. आईंनी पदर उजेडात धरून नीट न्याहाळला, आणि म्हणाल्या,

"मंदा चिमटीभर हळद घाली. तू आज इसारलंस काय गो?"